विवेचक

विवेचक ही वर्गसमीकरण न सोडवता त्याच्या मुळांचे (म्हणजे उत्तरांचे) स्वरूप सांगणारी राशी. अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाचा (सहगुणक वास्तव, अ शून्य नको) विवेचक म्हणजे ब² − ४अक. दहावीच्या बीजगणितात तो डेल्टा या चिन्हाने लिहितात.

विदर्भातल्या खेड्यांत घरामागे सांदवाडी असते. तिथे मेथी, सांबार (कोथिंबीर) लावायचा तर गुरांपासून राखायला कुंपण हवे. समजा, तार ४० मीटर आहे आणि आयताकृती जागेला तिचा एकच फेरा घालायचा आहे. मग लांबी-रुंदी मिळून २० मीटर. एक बाजू क्ष धरली की दुसरी २० − क्ष.

जागा ९६ चौरस मीटर हवी असेल, तर क्ष² − २०क्ष + ९६ = ०. विवेचक ४०० − ३८४ = १६, म्हणजे धन; मुळे वास्तव व असमान, ८ आणि १२. जागा १०० हवी, तर विवेचक शून्य. मुळे समान, दोन्ही बाजू १०. आणि ११० हवी, तर विवेचक −४०. वास्तव मुळे नाहीत. इथे मुले आकडेमोड चुकली समजून वहीतले खोडून टाकतात, पण चुकलेले काहीच नसते. तेवढ्या तारेत तेवढी जागा बसत नाही, हेच पूर्ण उत्तर आहे.

असे का होते, ते प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांच्या रीतीत लख्ख दिसते. दोन्ही पक्षांना ४अ ने गुणून ब² मिळवले की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक उरते. डावीकडे वर्ग, तो वास्तव संख्येचा असेल तर ऋण होऊच शकत नाही. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही, हे भास्कराचार्यांनी १२व्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात सांगितले आहे. विवेचकाचे इंग्रजी नाव मात्र जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या गणितज्ञाने १८५१ मध्ये दिले.

सहगुणक परिमेय असून विवेचक पूर्ण वर्ग असेल, तर मुळेही परिमेय येतात.

सर्वांत जास्त चुका ‘क’ ऋण असताना होतात. २क्ष² + ५क्ष − ३ = ० मध्ये विवेचक २५ − २४ नव्हे, २५ + २४ = ४९; मुळे १/२ आणि −३. अ आणि क यांची चिन्हे विरुद्ध असली की विवेचक नेहमी धनच येतो. तिथे मुळांचे स्वरूप सांगायला आकडेमोडही लागत नाही.