रेजेक्सची पानं शिळी का होतात : थोडी पार्श्वभूमी

आमच्या नाशिकच्या ऑफिसात द्राक्ष बागायतदारांच्या याद्या साफ करायचं काम असतं, म्हणजे गाव, गट नंबर, मोबाईल, गाडी नंबर सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं, निम्मं मराठीत निम्मं इंग्रजीत. मागच्या हंगामात टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने आमच्याच रेजेक्सच्या पानावरचा पॅटर्न उचलून वापरला. रेजेक्स, म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन, ही मजकुरात ठराविक नमुना शोधायची खुणांची भाषा, आणि पान म्हणजे त्या खुणांचे अर्थ लिहिलेलं आमचं टिपण. पानावर लिहिलेलं होतं की पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बॅकस्लॅश डब्ल्यू (\w) म्हणजे कुठल्याही भाषेतल्या शब्दात येणारं अक्षर, आणि आउटपुटमधे सिन्नरचे तीन तुकडे झाले, स, न आणि नर. निफाडचं झालं न, फ, ड. तिची चूक काहीच नव्हती, पानच चुकीचं होतं. आता ते दुरुस्त करायला घेतलंय तर असली चूक येते कुठून तेही लिहून ठेवतोय, कारण याची मुळं बरीच जुनी आहेत.

सुरुवात गणितात आहे. १९५१ मधे स्टीफन क्लीनी मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याचं गणिती मॉडेल अभ्यासत होता, त्यातून त्याने "रेग्युलर" घटना लिहायची पद्धत काढली, आपण आज जो * लावतो तो त्याचाच. त्यात तीनच गोष्टी होत्या, एकामागून एक, हे किंवा ते, आणि पुन्हा पुन्हा. प्रत्येक खुणेचा अर्थ एकच, त्यामुळे घोळ व्हायला जागाच नव्हती.

१९६८ मधे केन थॉम्प्सनने हेच टेक्स्ट शोधायला वापरलं, पेपर लिहिला, आणि मग ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ईडी एडिटरमधे आलं. ग्रेप या ओळी शोधणाऱ्या कमांडचं नावसुद्धा ईडीच्या कमांडवरूनच पडलंय, जी/आरई/पी, म्हणजे सगळीकडे हा पॅटर्न शोध आणि ती ओळ छाप. पण ईडीत "हे किंवा ते" वालं चिन्ह नव्हतं, ते नंतर अल्फ्रेड अहोच्या ईग्रेप या वाढीव ग्रेपमधे आलं, आणि इथून खरी फाटाफूट सुरू झाली असं माझं मत आहे. कारण ग्रेपमधे + म्हणजे नुसतं अधिकचं चिन्ह, ईग्रेपमधे तेच + म्हणजे एक किंवा जास्त वेळा. १९९२ च्या पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने यातलं एक निवडलं नाही, दोन्ही ठेवले, बेसिक आणि एक्स्टेंडेड. म्हणजे मानकातच दोन बोल्या, आणि दोघींचं नाव रेग्युलर एक्सप्रेशन.

मग पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा. १९८७ मधे आली, आणि १९९४ च्या पर्ल ५ ने लूकअहेड (पुढे काय आहे ते नुसतं बघणं), आळशी क्वांटिफायर (कमीत कमी मजकूर पकडणारी पुनरावृत्तीची खूण) वगैरे इतकं काही घातलं की सगळ्यांना तेच हवं झालं. १९९७ मधे फिलिप हेझेलने केंब्रिजमधे एक्झिम मेल सर्व्हरसाठी पीसीआरई लायब्ररी लिहिली, पर्ल-कंपॅटिबल, आणि पीएचपीपासून किती ठिकाणी ती गेली. पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती हे लोक विसरतात, ग्रुपला नाव द्यायची सोय पायथनमधे आधी होती, पर्लमधे ती २००७ च्या ५.१० मधे आली. तर सगळे एकमेकांकडून घेत राहिले, थोडं थोडं बदलून, आणि बाहेरून सगळं सारखंच दिसायला लागलं, म्हणून मग "रेजेक्स चीटशीट" अशी एकच शीट सगळ्यांसाठी फिरायला लागली जिच्यावर इंजिनचं, म्हणजे पॅटर्न चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव नाही, व्हर्जन तर नाहीच.

आता आमच्या सिन्नरकडे येतो. पायथन ३ आलं २००८ मधे, स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) डिफॉल्ट युनिकोड (सगळ्या लिप्यांचं सामाईक मानक) झाली, आणि बॅकस्लॅश डब्ल्यूचं वर्णन पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधेच बरीच वर्षं साधारण असंच होतं, की कुठल्याही भाषेत शब्दाचा भाग होऊ शकणारी बहुतेक अक्षरं यात येतात. फ्रेंच जर्मनवाल्याला हे वाक्य खरंच वाटणार. पण पायथन आतून फक्त बघतं की हे अक्षर किंवा अंक आहे का, आणि आपली काना, वेलांटी, मात्रा, पायमोडका हलंत हे युनिकोडच्या हिशोबात अक्षर नाहीत, "मार्क" आहेत, म्हणून शब्द तिथेच तुटतो. युनिकोडची स्वतःची रेजेक्सवरची मार्गदर्शिका, १८ नंबरची, मार्कसुद्धा शब्दात धरा असंच सांगते. नंतर पायथनने ते वाक्य बदललं, आता तिथे सरळ म्हटलंय की इझ-अलनम (अक्षर किंवा अंक आहे का ते सांगणारं पायथनचं फंक्शन) ज्याला हो म्हणेल ती अक्षरं आणि अंडरस्कोर. शब्द आजही तसाच तुटतो, फक्त वाक्य खरं झालं, आणि मला हे फार मोठं काम वाटतं, कारण खरं वाक्य वाचलेला माणूस मात्रा वेगळ्या धरायला जातो नाहीतर रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल टाकतो, खोटं वाक्य वाचलेला दोन दिवस स्वतःचा डेटा तपासत बसतो. आमचं पान जुन्या वाक्यावरून लिहिलेलं आणि नंतर कुणी उघडलंच नाही.

अंकांचं उलटं आहे. पायथन ३ चा बॅकस्लॅश डी, म्हणजे अंकाची खूण, "एमएच १५" मधला मराठी १५ धरतो, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा धरत नाही. म्हणून सर्व्हरवर पास झालेला गाडी नंबर फॉर्ममधे अडतो, आणि शेतकरी दादा फोन करून विचारतात की माझा नंबर चुकीचा कसा. बरं तो पॅटर्नसुद्धा २०२१ च्या आधीचा, भारत सिरीजच्या पाट्या आल्या त्यात आधी वर्ष मग बीएच, तो क्रम पॅटर्नला माहितीच नाही. इथे रेजेक्स बदललं नव्हतं, बाहेरचं जग बदललं होतं.

काही वाक्यं लिहिली तेव्हा खरी होती. "जावास्क्रिप्टमधे लूकबिहाइंड नाही" (लूकबिहाइंड म्हणजे मागे काय आहे ते नुसतं बघणं) हे २०१८ पर्यंत बरोबर, त्या वर्षी मानकात आलं, पण सफारी ब्राउझरमधे यायला मार्च २०२३ उजाडलं, म्हणजे मधली पाच वर्षं "आहे" आणि "नाही" दोन्ही अर्धवट खरं. "पायथनमधे पझेसिव्ह क्वांटिफायर नाही" (एकदा पकडलेलं परत न सोडणारी पुनरावृत्तीची खूण) हे ३.११ येईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत. पीएचपीमधली ईरेग नावाची जुनी रेजेक्स फंक्शन्स ७.० मधे काढूनच टाकली.

स्पीडबद्दल तर आमच्या पानावर एक ओळ नव्हती. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली ती ओळीच्या कडेच्या स्पेस काढणाऱ्या साध्या दिसणाऱ्या पॅटर्नमुळे, एका पोस्टमधे २०,००० च्या आसपास सलग स्पेस होत्या आणि इंजिन प्रत्येक स्पेसपासून पुन्हा पहिल्यापासून मोजत बसलं, जवळपास २० कोटी वेळा तपासणी. गो या भाषेच्या इंजिनात असं होत नाही, ते थॉम्प्सनच्या जुन्या मार्गाने जातं, पण मग त्यात बॅकरेफरन्स (आधी पकडलेला तुकडा पॅटर्नमधे पुन्हा वापरणं) मिळत नाही. हे दोन्ही एकाच ओळीत लिहिलं पाहिजे, नाहीतर माणूस अर्धंच वाचून जातो.

आता नवीन पानावर प्रत्येक ओळीपुढे इंजिन, व्हर्जन आणि शेवटचं कधी चालवून बघितलं ती तारीख आहे, आणि उदाहरणं सिन्नर, येवला, पिंपळगाव बसवंत अशी, टेस्टमधे रोज रात्री आपोआप चालतात. एक ओळ अजून दोनदा लिहावी लागतेय, स्ट्रिंगच्या शेवटाची. पर्लमधे मोठा झेड (\Z) शेवटी नवीन ओळीची खूण असली तरी चालवून घेतो, छोटा झेड (\z) नाही. पायथनमधे मोठा झेडच कडक, आणि छोटा झेड ३.१४ मधे आत्ता आला. आमचा सर्व्हर अजून जुन्या व्हर्जनवर आहे, म्हणून सध्या दोन्ही ओळी ठेवल्यात, दोन्हीपुढे व्हर्जन लिहून.