भाषेच्या तासाला गट कधीपासून पडू लागले?

जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला सतरंजीवर चौघाचौघांचे गोल करून बसलेली मुलं आता सर्रास दिसतात. ‘हे सगळं परदेशातून आलेलं’ असं शिक्षकांच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

मुलांनी मुलांना शिकवणं आपल्याकडे फार जुनं. पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा धाकट्याला धूळपाटीवर अक्षरं गिरवायला बसवायचा, पाढे म्हणून घ्यायचा. मद्रासला एग्मोरच्या लष्करी अनाथालयाची देखरेख १७८९ पासून अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. गावच्या शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यानं पाहिली आणि ती रीत आपल्या अनाथालयात आणली. मास्तर तयार होईनात, तेव्हा शिकवायचं काम त्यानं एका मुलावरच सोपवलं. १७९७ साली त्यानं लंडनला हा प्रयोग छापला आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली.

पण त्या पद्धतीत एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. भाषा तोंडात यायची, पण कुणाला काही सांगण्यासाठी नाही. पुढे भाषांतर आणि व्याकरणाच्या जमान्यात तर तेवढंही बोलणं उरलं नाही.

ही चौकट हलली १९७० च्या दशकात. व्याकरण येणं वेगळं आणि कुठं, कुणाशी, काय बोलावं हे कळणं वेगळं, हे अमेरिकी भाषाअभ्यासक डेल हाइम्स यांचं म्हणणं युरोपातल्या भाषाशिक्षकांनी उचललं. बोलायला शिकवायचं तर बोलायला वेळ हवा. पटावर ४० मुलं आणि तास ३५ मिनिटांचा धरा. शिक्षक अवाक्षरही बोलले नाहीत, तरी एकेकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. चौघांच्या गटात तेच पावणेनऊ मिनिटं होतं. मला गटकार्याच्या बाजूनं याहून भक्कम युक्तिवाद माहीत नाही.

तरी खरा वाद झाला तो आपल्या शेजारी, बंगळूरला. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा प्रकल्प चालवला. नकाशे, वेळापत्रकं यांवरची कोडी सोडवता सोडवता मुलांनी भाषा आत्मसात करायची, अशी त्याची मांडणी. काम मात्र आधी शिक्षकांबरोबर सगळ्या वर्गानं मिळून आणि मग ज्याचं त्यानं करायचं. गट त्यांनी मुद्दाम टाळले. सगळेच शिकाऊ एकमेकांशी बोलत राहिले तर मोडकीतोडकी भाषाच पक्की होईल, अशी त्यांना धास्ती होती. वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही ही धास्ती खोटी वाटणार नाही.

लगेच १९८५ साली मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासून उलट बाजू मांडली: शिकणारे आपसांत बोलताना जितक्या चुका करतात, तितक्याच ती भाषा मातृभाषा असणाऱ्यांशी बोलतानाही करतात. शिवाय एकमेकांच्या चुका ते क्वचितच उचलतात. हे अभ्यास बहुतेक प्रौढांवरचे होते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं आणि हा प्रश्न थेट खेड्यातल्या वर्गात पोचला. १ एप्रिल २०१० ला लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं कृतीतून, शोध घेत शिकण्याला कायद्याचं बळ दिलं. बाक भिंतीला लागले, सतरंज्या आल्या. पण नुसतं गोल बसवणं म्हणजे गटकार्य नव्हे. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नसेल, तरच विचारायची गरज पडते.

एका दुशिक्षकी शाळेत मी चौथीच्या दोघी पाहिल्या. एकीकडे गावाचा भरलेला नकाशा, दुसरीकडे कोरा. मध्ये दप्तर उभं केलेलं.

‘वेअर इज वेल?’

‘निअर टेंपल.’

‘लेफ्ट?’

‘नो, नो. बिहाइंड.’

‘बिहाइंड म्हणजे मागं ना गं?’

‘हां, मागं.’

‘द’ कुठल्या कुठं गेला होता. पण विहीर देवळाच्या बरोबर मागं काढली गेली.