प्रकल्पात मुलं कधी रमतात आणि कधी कंटाळतात

थर्माकोलचा ज्वालामुखी रंगवताना हात रंगतात, डोकं मोकळंच राहतं. काय करायचं आणि शेवटी काय दिसणार हे आधीच ठरलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते आतून येणाऱ्या ओढीला तीन गोष्टी लागतात: स्वतः ठरवायची मोकळीक, ‘मला जमतंय’ ही जाणीव आणि सोबतच्यांशी नातं. चांगला प्रकल्प या तिन्ही पुरवतो. पण मोकळीक किती द्यायची, इथेच बरेच प्रकल्प फसतात.

सहावी-सातवीसाठी एक प्रश्न घेऊ: गरम पाणी जास्तीत जास्त वेळ गरम कसं ठेवता येईल? तीन-चार मुलांचा गट करावा. मोठ्या गटात दोघं राबतात, बाकीचे बघत बसतात. प्रत्येक गटाला सारखाच डबा आणि २०० मिली पाणी द्यावं. साधारण ६० अंश सेल्सिअसचं हे पाणी शिक्षकांनीच ओतावं. आवरणाची जाडी दोन सेंटीमीटरपर्यंतच, पण कापूस, लोकर, वर्तमानपत्र की फॉइल हे मुलांनी ठरवावं. अर्धा तास दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावं. एक डबा आवरणाविना ठेवावा. तो नसेल तर तुलना कशाशी करणार?

पहिली फेरी बहुधा बिघडते. झाकण नसेल तर बाष्पीभवनानेच इतकी उष्णता जाते की आवरणांमधला फरक झाकोळतो. एका गटाचं पाणी सुरुवातीलाच जास्त गरम असेल तर ते वेगाने निवतं आणि चांगलं आवरणही वाईट ठरतं. थर्मामीटर तळाला टेकला तरी आकडा चुकतो. कापूस दाबून बसवला की त्यात अडकलेली हवा निघून जाते, आणि उष्णता रोखण्याचं बरंचसं काम ती हवाच करत असते.

उष्णतावहन शिकवायची वेळ हीच. आपला डबा लवकर का निवला, हे आता मुलांनाच हवं असतं. दहा मिनिटांचा पाठ पुरतो. सगळंच मुलांनी शोधून काढावं हा हट्ट मात्र नको. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या हट्टावर टीका केली होती: नवशिक्याला मार्गदर्शन नसेल, तर धडपडण्यातच त्याची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी थोडीच माहिती धरून विचार करणारी स्मृती, खर्ची पडते. पाठ झाला की दुसरी फेरी घ्यावीच. ‘जमतंय’ ही जाणीव सुधारलेल्या आकड्यांतून येते, आणि वेळेअभावी नेमकी हीच फेरी गाळली जाते. त्यापेक्षा तक्ते रंगवणं गाळलेलं बरं.

बक्षिसाचं आमिष जपून दाखवावं. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, बक्षीस मिळेल असं आधी सांगून ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्रं काढायला लावलं, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. गुण द्यावेच लागतात, पण ते कुणाचा डबा सर्वांत गरम राहिला यावर देऊ नयेत. दुसऱ्या फेरीत काय बदललं आणि का, हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे अर्ध्या पानात लिहावं, सोबत आलेख जोडावा. कोण नुसताच बसून होता, तेही त्यात कळतं.