ड्यूररचे चार घोडेस्वार: फळी, चाकू आणि छापखाना

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने 1498 मध्ये प्रकटीकरणावर, म्हणजे बायबलमधल्या जगाच्या अंताविषयीच्या शेवटच्या पुस्तकावर, 15 मोठ्या काष्ठचित्रांचे (लाकडी फळीवरून छापलेल्या चित्रांचे) पुस्तक काढले, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. 1500 साल तोंडावर आले होते, जगाचा अंत जवळ आल्याची भीती होती, म्हणून हे पुस्तक निघाले, असे नेहमी सांगितले जाते. पण भीती सगळ्यांनाच होती. त्यातल्या चार घोडेस्वारांसारखे चित्र मात्र त्यानेच काढले. त्याचे कारण त्याच्या शिक्षणात आणि लाकडावरच्या कामात सापडते.

1486 पासून तो मिखाएल वोल्गेमुटच्या चित्रशाळेत शिकला. तिथे पुस्तकांसाठी लाकडी ठसे तयार होत. त्याचा धर्मपिता आंटोन कोबर्गर हा न्यूरेंबर्गचा बडा मुद्रक. त्याने 1483 मध्ये छापलेल्या जर्मन बायबलात कोलोनहून आणलेले ठसे वापरले होते. त्यातली चित्रे सरळसाधी, रंग भरण्यासाठी मोकळ्या जागा सोडलेली.

ड्यूररने रंगावर भिस्त ठेवली नाही, आणि इथेच खरी अडचण होती. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात जगावर संकटे आणणाऱ्या चार स्वारांचे घोडे ओळखायचे ते रंगावरून: पांढरा, तांबडा, काळा, फिकट. काळ्या शाईत ते दिसणार कसे? त्याने ओळख स्वारांच्या हातात दिली. उजवीकडून पाहत गेल्यास धनुष्य, तलवार, तराजू आणि डाव्या टोकाला मरतुकड्या घोड्यावर त्रिशूळासारखा काटा घेतलेला मृत्यू. तराजूवाला स्वार म्हणजे दुष्काळ; त्याच्या हातातला तराजू वेगामुळे मागे फेकला गेला आहे. दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू, हा मूळ मजकुरातला भाव त्या पारड्यांत आहे. खाली डाव्या कोपऱ्यात नरकाचा जबडा एका मुकुटधाऱ्याला गिळतो आहे.

मागचे आकाश आडव्या समांतर रेघांनी भरले आहे. त्यामुळे कागदावर एक मधली करडी छटा येते आणि तिच्यापुढे घोड्यांच्या पांढऱ्या छात्या झळकतात. काष्ठचित्रात रेघ कोरायची नसते, राखायची असते. नाशपातीच्या वाळवलेल्या फळीवर चित्र उलटे असते. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंनी तिरका काप घेऊन दोन रेघांमधले लाकूड काढतात. काप रेघेच्या बुडाखाली शिरला, तर आधार जातो आणि छापताना रेघ तुटते. आडव्याउभ्या रेघांची जाळी हवी असेल, तर आतला प्रत्येक बारीक चौकोन वेगळा उकरावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ड्यूररच्या चित्रांच्या दोन मूळ फळ्या आहेत, सॅमसन आणि संत कॅथरिन यांच्या. ते काम जवळून बघायचे तर त्या बघाव्यात.

फळीवरचा उठाव खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, उंचीला आणला की चित्र आणि मजकूर एकाच दाबयंत्रावर निघतात. ड्यूररने चित्र पूर्ण पानभर, सुमारे 39 बाय 28 सेंटिमीटर घेतले आणि मजकूर पाठीमागे छापला. लॅटिन आणि जर्मन अशा दोन आवृत्त्या काढल्या, प्रकाशकही स्वतःच झाला. चित्रकाराने असे पुस्तक स्वतः काढणे तेव्हा नवे होते.

1511 मध्ये त्याच फळ्यांवरून लॅटिन आवृत्ती पुन्हा निघाली. मुखपृष्ठावर, प्रकटीकरण ज्याच्या नावावर आहे त्या योहानाला दर्शन देणारी बालयेशूसह मरिया नव्याने आली. म्हणून सुटे पान हाती आले की आधी ते उलटून पाहतात. मागे जर्मन मजकूर असेल, तर छाप 1498 ची. लॅटिन असेल, तर दोन्ही आवृत्त्यांतली खिळ्यांची जुळणी ताडून पाहावी लागते. मग चौकटीची रेघ तपासतात: फळी जितकी वापरात राहिली, तितके त्या रेघेत खंड पडत गेले.