निवासी चौकातील थांबा-फलक (अमेरिकी पद्धत)

वस्तीतील दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे ‘स्टॉप’चा लाल अष्टकोनी फलक लावावा की नाही, आणि लावायचा तर दोन बाजूंना की चारी, हे ठरवण्याची अमेरिकेतील वाहतूक अभियंत्यांची पद्धत. तिचा आधार म्हणजे फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची ‘मॅन्युअल ऑन युनिफॉर्म ट्रॅफिक कंट्रोल डिव्हायसेस’ ही नियमपुस्तिका. तिची अकरावी आवृत्ती डिसेंबर 2023 मध्ये निघाली. आधी कोणी जायचे हे फलक ठरवतो. वेगाला लगाम घालण्यासाठी तो वापरू नये, असे पुस्तिका स्पष्ट सांगते. रहिवाशांचे अर्ज मात्र बहुधा वेगाच्या तक्रारीतूनच येतात, म्हणून त्यांतले पुष्कळ नामंजूर होतात.

फलकच नसलेल्या चौकात दोन गाड्या एकाच वेळी आल्या, तर डावीकडच्याने उजवीकडच्याला वाट द्यायची. दोघे एकमेकांना वेळेत दिसत असतील तोवर हा नियम पुरतो. त्यामुळे गाड्या मोजण्याआधी जागेवर जाऊन टेप धरणे अधिक उपयोगाचे. तासी 25 मैल वेगाच्या गाडीला धोका दिसून पूर्ण थांबायला 155 फूट लागतात. उपरस्त्यावर थांबलेल्या चालकाला डावीकडे वळायला सुमारे 7.5 सेकंदांची मोकळीक हवी, म्हणजे त्याच वेगाला साधारण 280 फूट लांबवरचे दिसले पाहिजे. हे अंतर मोजताना डोळा मुख्य रस्त्याच्या कडेपासून 14.5 फूट मागे आणि जमिनीपासून 3.5 फूट उंचीवर धरतात. उभ्याने पाहिले की कुंपणावरून सगळे दिसते आणि अंदाज चुकतो. हिवाळ्यात, पानगळीनंतर केलेली पाहणीही अशीच फसवते.

आड येणारी गोष्ट बहुतेकदा झुडूप किंवा कोपऱ्याला लावलेली गाडी असते. झुडूप 3 फुटांखाली छाटले किंवा कोपऱ्याजवळचे पार्किंग काढले की अनेक चौकांना फलकाची गरजच उरत नाही. कॅलिफोर्नियात तर पादचारी पट्ट्याच्या अलीकडे 20 फुटांत गाडी उभी करायला कायद्यानेच बंदी आहे.

त्यानंतर पोलिसांच्या अपघात-नोंदी. नुसता आकडा घेऊन चालत नाही, प्रत्येक नोंदीतले रेखाचित्र पाहावे लागते. फलकाने टळू शकणाऱ्या, म्हणजे काटकोनी आणि वळतानाच्या टकराच धरायच्या. मागून बसलेली धडक किंवा उभ्या गाडीला घासणे यांत येत नाही. चार बाजूंच्या चौकात सर्व बाजूंना थांबा देण्याचा विचार 12 महिन्यांत असे 5 किंवा 36 महिन्यांत 6 अपघात झाले असतील तर होतो.

वाहनसंख्येचा निकष असा: दिवसातल्या कोणत्याही 8 तासांत मुख्य रस्त्यावरून दोन्ही दिशांनी मिळून तासाला सरासरी 300 वाहने, आणि त्याच तासांत उपरस्त्यावरून वाहने, सायकली व पादचारी मिळून 200. एका स्वतंत्र घरामागे रोज येऊन-जाऊन साधारण 10 फेऱ्या होतात. म्हणजे 100 घरांच्या गल्लीत दिवसभरात हजारेक गाड्या, तर निकषाला त्या 8 तासांतच मुख्य रस्त्यावर 2,400 लागतात. साध्या गल्लीला हा आकडा गाठणे अवघडच. त्यामुळे घटलेली दृश्यता, किंवा दोन जवळपास सारख्याच निवासी रस्त्यांचा छेद, अशी कारणे अभियंत्याला लेखी मांडावी लागतात.

मोजणी मंगळवार ते गुरुवार, शाळा सुरू असताना करतात. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्या पादचारी मोजत नाहीत, त्यासाठी माणूस किंवा कॅमेरा लागतो. नळीवर कोणी गाडी उभी केली तर त्या दिवसाचे आकडे बाद.

गरज नसताना लावलेल्या फलकापाशी चालक थांबल्यासारखे करून पुढे सरकतात. वेग फलकाच्या आसपासच कमी होतो, पुढच्या सलग पट्ट्यात गेलेला वेळ भरून काढला जातो. सर्वांत वाईट म्हणजे फलकावर विसंबून मूल रस्त्यात उतरते आणि गाडी थांबलेलीच नसते.

दोनच बाजूंना थांबवायचे असेल तर सहसा कमी रहदारीच्या रस्त्याला थांबवतात. तिथला चालक ‘समोरून आडवे येणारेही थांबतील’ असे गृहीत धरण्याची शक्यता असेल तर आडवी रहदारी थांबत नाही हे सांगणारी पट्टी खाली जोडतात. चारी बाजूंना थांबा असेल तर ‘ऑल वे’ची. साध्या एकपदरी रस्त्यावर 30 इंची फलक चालतो. पार्किंग किंवा पादचारी असतील तिथे त्याची खालची कड किमान 7 फुटांवर ठेवतात. थांबरेषा 12 ते 24 इंच रुंद असते आणि पादचारी पट्ट्याच्या किमान 4 फूट अलीकडे आखतात. ती फार मागे गेली की चालक रेषेवर एकदा आणि आडवा रस्ता दिसेल तिथे पुन्हा, असा दोनदा थांबतो. महिन्याभरात रेषेवरचे थांबणे तो सोडून देतो.