कॉनराड फाइट आणि जर्मन उच्चार

हॉलिवूडच्या युद्धपटात जर्मन नट दिसला की तो नाझी अधिकारीच असणार, असं आपण धरूनच चालतो. हा साचा कसा घडला, ते कॉनराड फाइटच्या कारकिर्दीत फार स्वच्छ दिसतं.

फाइटचा जन्म १८९३चा, बर्लिनचा. नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत तो तयार झाला. १९२०च्या ‘डॉ. कॅलिगारी’मध्ये झोपेत चालणारा खुनी सेझारे त्याने केला आणि नाव झालं. पुढच्याच वर्षी ‘द इंडियन टूम’मध्ये तो चक्क महाराजा झाला. त्यातला भारत बर्लिनजवळच्या वोल्टर्सडॉर्फला उभारलेला होता. खऱ्या भारताशी त्याचा संबंधही तितपतच.

मूकपटात उच्चार ऐकूच येत नाही, त्यामुळे फाइट कुठल्याही देशाचा माणूस होऊ शकत होता. अमेरिकन नट जॉन बॅरीमोरने त्याला हॉलिवूडला बोलावून घेतलं. १९२८च्या ‘द मॅन हू लाफ्स’मधला त्याचा कायमचा हसरा चेहरा आपण न पाहताही ओळखतो, कारण बॅटमॅनचा जोकर त्याच्यावरूनच आला. एवढं जोकरच्या निर्मात्यांनाही मान्य होतं. भांडण होतं ते श्रेय कोणाचं यावर.

मग बोलपट आले. इंग्रजी कच्चं, म्हणून १९२९मध्ये फाइट जर्मनीला परतला. पण १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. फाइटची बायको लिली ज्यू होती. दोघांनी इंग्लंड गाठलं. १९३४मध्ये तिथे त्याने ‘ज्यू स्यूस’ केला, ज्यूंची बाजू घेणारा. (याच नावाचा ज्यूद्वेष्टा चित्रपट नाझींनी १९४०मध्ये काढला, त्याची गल्लत करू नये.) १९४०च्याच ‘थीफ ऑफ बगदाद’मध्ये म्हैसूरकडच्या साबू या तरुण नटासमोर तो दुष्ट वजीर जाफर होता.

पुढे अमेरिकेत युद्धाच्या काळात मात्र त्याच्या उच्चाराला एकच गणवेश उरला. ‘कॅसाब्लांका’तला मेजर स्ट्रासर त्याचाच. नाझींमुळे देश सोडलेल्या माणसाने नाझी रंगवायचा, आणि तोही इतका थंडपणे! एप्रिल १९४३मध्ये, पन्नाशीत, गोल्फ खेळताना हृदयविकाराने तो गेला.

साचा मात्र टिकला. जर्मन नटाच्या वाट्याला पुढे नाझी नसला तरी खलनायक येतच राहिला. १९६४च्या ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटात खलनायक झालेल्या जर्मन नट गेर्ट फ्रोबेचं इंग्रजी इतकं अडखळत होतं, की मायकेल कॉलिन्स या इंग्रज नटाकडून त्याचा आवाज डब करून घेतला. जर्मन ढंग तेवढा ठेवला, तोही कॉलिन्सनेच काढलेला.