झेनॉनची भूल आणि क्वांटम मेंदू

झेनॉन हा भलताच अलिप्त वायू. सहसा कुणाशी रासायनिक बंध जोडत नाही. तरी पुरेसा हुंगवला की माणूस बेशुद्ध पडतो. १९५१ मध्ये शस्त्रक्रियेसाठी त्याची भूल देऊनही झाली. जाणिवेचं कोडं क्वांटम भौतिकीने, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरच्या नियमांनी, सुटेल का, या वादात मला सगळ्यात दमदार पुरावा या वायूकडूनच आलेला दिसतो.

वाद गाजवला ब्रिटिश गणिती-भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांनी. (त्यांना २०२० चं नोबेल मिळालं ते कृष्णविवरांवरच्या कामासाठी, जाणिवेच्या चर्चेत ते उगाच पुढे केलं जातं.) माणसाची समज संगणकाच्या आज्ञावलीत बसत नाही, म्हणून तिच्या मुळाशी वेगळं भौतिकशास्त्र असणार, हा त्यांचा युक्तिवाद. तो मला लंगडा वाटतो, अनेक तर्कशास्त्रज्ञांनाही वाटतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी त्याला मेंदूतली जागा सुचवली: पेशींमधल्या सूक्ष्मनलिका. प्रथिनांच्या या पोकळ नळ्या जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या. त्यांत क्वांटम अवस्था तयार होतात, त्या कोसळतात आणि त्या क्षणी जाणीव उमटते, असं दोघांचं म्हणणं.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली याविरुद्ध हिशेब मांडला. मेंदू उबदार, ओला आणि रेणूंच्या धक्काबुक्कीने भरलेला. तिथे अशी अवस्था फार तर सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग टिकेल. चेतापेशीला मात्र एक संदेश पाठवायला सेकंदाचा हजारावा भाग तरी लागतो. हॅमरॉफ आणि सहकाऱ्यांनी आपला हिशेब मांडून हा काळ दहाहजाराव्या भागापर्यंत ताणला. नुसत्या आकडेमोडीने हे भांडण मिटणारं नव्हतं.

म्हणून झेनॉन. त्याचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे आणि त्या वजनाच्या आकड्यांनी ओळखले जाणारे अणू, रासायनिकदृष्ट्या जवळपास एकसारखे, पण १२९ आणि १३१ यांच्या अणुगर्भाला स्पिन असतो, १३२ आणि १३४ यांच्या नसतो. स्पिन हा अस्सल क्वांटम गुणधर्म. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हे चारही उंदरांना हुंगवले. बेशुद्धीची कसोटी साधी होती: उंदराला उताणा केल्यावर तो पालथा होऊ शकतो का? स्पिनवाल्या झेनॉनची मात्रा जवळजवळ दीडपट लागली. फरक वजनामुळे म्हणावा, तर १३१ आणि १३२ यांच्या वजनात एक टक्काही अंतर नाही, तरी ते दोन वेगळ्या गटांत पडले.

पण यातून पेनरोझ-हॅमरॉफ यांची नळी सिद्ध होत नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये त्याच निकालाचा वेगळा अर्थ लावला: मेंदूतल्या एखाद्या रासायनिक क्रियेत इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते आणि अणुगर्भाचा स्पिन तिच्यात ढवळाढवळ करतो. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना दिशा कळण्यामागे अशाच जोड्या असाव्यात, असं मानलं जातं. आणि हेही खरं ठरलं, तरी कळेल ते भूल कशी चढते एवढंच. दातदुखी ‘दुखते’ का, हा प्रश्न जागच्या जागी.

कॅलगरीच्या कल्पनेची मला आवडलेली बाजू म्हणजे ती स्वतःला अडकवून घेते. ती बरोबर असेल, तर बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदलल्यावर झेनॉनची मात्राही बदलायला हवी. ते तपासायला उंदरं, वायूच्या टाक्या आणि तारेची वेटोळी पुरतात.